लांबून आलेलं यान

सोमवार, ५ मे

आन् वर सून मलाच म्हणती, न विचारता हात का लावला. टीव्हीजवळच्या फळीवर ठेवलेली वस्तू. अंगावर काळे ओघळ, बुडाला तांबेरा, पंखावर धूळ. घासू न्हाय तर काय हळदकुंकू वाहू? भांड्याची पावडर आन् जुना ब्रश घेतला, लख्ख केलं, अर्पिताला बोलावून दाखवलं. तेवढंच एक बोलली, बॅग भरली, माहेरची, मुरुमची गाडी धरली.

यान म्हणजे अंतराळातलं, पर प्लास्टिकचं. डब्यात तुकडे येतेत. ते चिकटवायचे, रंगवायचे. अर्पितानं सगळा हिवाळा त्यात घातला, आन् रंग झाल्यावर मुद्दाम मळवलं. व्हेदरिंग म्हणतेत म्हणं. तवा म्या विचारलं हुतं, नवं असून मळकं का केलं. म्हणाली, आत्या, ते लई लांबून आलंय. मग लांबून आलेल्याला आधी पाय धुवायला पाणी देतेत का न्हाय? म्या पाणीच दिलं.

येईल दोन दिवसांत. मी फोन करणार न्हाय.

बुधवार, ७ मे

आली न्हाय. माझा कृष्णराज जेवताना ताटाकडं बघतो, आईकडं न्हाय. बायको गेली म्हणून आमटी अळणी झाली का?

ठरवलं. यान परत मळवायचं. ती बघंल, हुतं तसंच हाय, भांडण मिटलं. घाण करायला कसली अक्कल लागती? लग्न झाल्यापासून या घरातली घाण काढते. मला घाणीची जात माहीत हाय.

मालक म्हणाले, आधी मोडलंय ते बघ. घासताना वरची बारीक तार गेली हुती. न्हाणीत सापडली न्हाय. तिथं उदबत्तीची काडी चिकटवली. बोटं पण चिकटली. पर तारेपेक्षा काडी बरी दिसती. वास पण येतो.

शुक्रवार, ९ मे

समईची काजळी फासली. भाजलेलं वांगं झालं. धुतलं.

दुपारी डोक्यात आलं, धूळ तर फुकट मिळती. रस्त्याकडंच्या कट्ट्यावर ठेवून दिलं. गाड्या जातेत येतेत, आपोआप मळंल.

शनिवार, १० मे

थर चांगला बसला हुता. सकाळी कट्टा झाडता झाडता हात फिरला आन् यान पुसून मोकळी झाले. ध्यानात आलं तवा फडकं खाली टाकलं. चूक हाताची हाय, माझी न्हाय.

शेजारच्या कमलबाईनं विचारलं, सूनबाई कधी येणार. म्हणलं, माहेरी लग्न हाय. कुणाचं, म्हणाली. म्हणलं, भावाचं. अर्पिताला भाऊ न्हाय. कमलबाईला ते माहीत हाय. नुसती कट्ट्यावर बसून राहिली. लई राग आला.

मंगळवार, १३ मे

जमलं. मिश्रीनं जमलं. मी मिश्री सोडलीय, दातापुरती ठेवते. पाण्यात कालवली, कापसानं बुडाला टिपली. हुबेहूब तांबेरा. ओघळ पण आले. मालक म्हणाले, आता त्या यानाला तलफ येणार. हसू द्या.

कृष्णराजनं हातात घेऊन बघितलं. म्हणाला, आई, यापेक्षा एक फोन कर, चुकलं म्हण. म्हणलं, चुकलं कुणाचं ते आधी ठरू दे.

उद्या पाठवून देते. बघितल्या बघितल्या निघंल ती. शेंगाची चटणी कुटून ठेवली, तिला लागती.

बुधवार, १४ मे

डब्यात भरलं. गाडीत हलू नये म्हणून माझ्या जुन्या मऊ लुगड्यात घट्ट गुंडाळलं. पुतण्या बलभीम मुरुमला निघाला हुता. त्याला बजावलं, डबा मांडीवर धर, खाली ठेवू नको. यापेक्षा जास्त कुठल्या सासूनं केलं असतं?

शुक्रवार, १६ मे

बलभीम आला. म्हणाला, काकू, वैनीनं डबा उघडला तर यान लख्ख. मिश्री सगळी लुगड्याला. वैनी म्हणाली, आत्यांनी परत धुतलं का. मग काडीचा वास घेतला आन् डबा घेऊन आत गेली. मी विचारलं, हसली का रडली. म्हणाला, माझ्याकडं पाठ हुती.

पाठ हुती म्हणं. एवढ्यासाठी पाठवला हुता का याला?

चटणी कुणी खाईना. दुपारी फळी पुसायला गेले. यानाच्या जागंवर धूळ बसलीय. फडकं घेऊन उभी राहिले आन् न पुसता माघारी आले. या घरात असं कधी झालं न्हाय.

संध्याकाळी कृष्णराजला निरोप पाठवायला लावला. माफी न्हाय, निरोप. तो मधीच आपलं घालायला लागला, म्हणलं, मी सांगते तेवढंच लिही. अर्पिता, तुझ्या फळीवर धूळ बसलीय. म्या पुसली न्हाय. यानाला लागंल तेवढी घे. तू बी लांबून येशील, दारात बादली भरून ठेवते, पाय तुझे तू धू. येणार का न्हाय ते रविवारपर्यंत सांग. सोमवारी मी फळी पुसणार.