मधली कमान

चिरंजीव,

जेवणाच्या टेबलावरचं स्टेशनच्या छताचं मॉडेल हलवू नकोस. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, तिथंच उभ्यानं जेव. तसंही तू बसतोस कुठे? मी लाकडी पट्ट्या आणायला गेलोय.

छतावर तांदळाचे, साखरेचे डबे बघून म्हाताऱ्याला वेड लागलं म्हणू नकोस. गोंद वाळेपर्यंत कमानी तेच दाबून धरतात. पण मधली कमान फार मोठी झालीय. एक टोक धरलं की दुसरं घसरतं, आणि तिथं डबा टिकत नाही.

रविवारी दुसरं टोक धरशील? फोन खिशात ठेवून, दोन्ही हातांनी.

काल दुकानदार मिनिटात चिकटणारा गोंद गळ्यात मारत होता. मी अर्धा तास लागणारा घेतला.

— बाबा