सोपी केलेली गिटार

४ मे

खुंट्या बदलल्या! मला न विचारता!

गिटार दुरुस्तीवाल्या एदिलबेर्तोकडे दिली होती ती एक गंजका स्क्रू बदलायला. आमच्या या नदीकाठच्या पुकाय्पाच्या दमट हवेत लोखंड टिकत नाही, ते मान्य. पण परत आली ती सहाच्या सहा नव्या खुंट्या घेऊन. प्रत्येकीच्या मागे चाक. ते जरासं फिरवलं की तार पकडली जाते. वेढे घालत, पिळत बसायला नको. मी विचारलं, "कुणी सांगितलं होतं?" एदिलबेर्तो टेबलाखाली काहीतरी शोधायला लागला. "बाई, तेओफिलोनंच तर..."

तेओफिलो! माझा नवरा, आमच्याच बँडमध्ये बेस वाजवतो. इतक्या वर्षांत माझ्या गिटारकडे बोट दाखवायची त्याची हिंमत झाली नाही. म्हणे, "अगं, जुन्या घसरत होत्या." घसरत नव्हत्या. जोर लागायचा, इतकंच.

सूर मात्र आता हलत नाही. तेवढं कबूल.

९ मे

बरणीचं झाकण निघेना. शेजारणीकडून उघडून आणलं. हल्ली कारखान्यात यंत्रानं आवळतात — माणसाचा विचारच नाही.

१६ मे

आता ब्रिज बदलून आणला, तारा टेकतात ती पट्टी. जुना तळहाताला टोचायचा, लांब कार्यक्रमानंतर लाल रेघ उठायची. नवा गुळगुळीत आहे. आणि त्यावर तारा किती खाली आणून ठेवल्यात! पडद्यांपासून जेमतेम सुटलेल्या. बोट नुसतं ठेवलं की सूर निघतो. वाजवायला — खोटं कशाला लिहू — लोण्यासारखी झालीय. म्हणूनच संशय येतो. माझ्या तारा कायम उंच. बोटांना घट्टे पडल्याशिवाय आमचं नाचाचं संगीत, कुंबिया, वाजत नाही, हे मी दोन शिष्यांना सुनावलं आणि दोघंही पळाले.

तेओफिलोला म्हटलं, "ही माझी गिटार राहिली नाही. कुणा नवशिक्याची झाली."

"जेवून घे, मासा गार होतोय," म्हणाला. विषय बदलायला याला मासाच सापडतो!

२३ मे

कळलं!

तालमीला झेरसन आला होता. तेओफिलोच्या बहिणीचा मुलगा, आता चांगला घोडा झालाय, दिवसभर मोटोटॅक्सी चालवतो आणि संध्याकाळी लग्नांत गिटार बडवतो. "मामी, जरा वाजवू?" म्हणाला. दिली. लांब पातळ बोटं भराभर पळवली आणि म्हणतो, "मामी, काय हलकी झालीय! आपोआप वाजते!"

सगळे खाली बघायला लागले. ढोलवालासुद्धा.

सान हुआनचा सण चोवीस जूनला. सगळं गाव नदीकाठी. त्या दिवशी माझ्या जागी हा उभा राहणार, आणि मला कुणीतरी पानात बांधलेला भाताचा हुआने हातात देऊन खुर्चीवर बसवणार. असा बेत आहे तर.

३० मे

तारासुद्धा बदलल्या! माझी तिसरी तार जाड, वरून बारीक तार गुंडाळलेली असायची. तिच्या आवाजावरून बंदरावरचे हमाल मला ओळखतात. आता तिथे केसासारखी तार. नुसती ओढली तरी वाकते. तारांखालचा आवाज पकडणारा पिकअपही वर उचललाय. हळूच स्पर्श केला तरी ओरडते.

"तेओफिलो, सरळ सांग. मला काढायचंय?"

"काढायचं असतं तर इतकी खटपट केली असती का, बाई माझे?"

"खटपट कुणासाठी, तेच विचारतेय!"

तो कढई घासायला लागला. जन्मात कढई घासली नाही त्यानं.

७ जून

झेरसन घरासमोरून गेला. शीळ घालत. चाल माझी!

१८ जून

मी बाजारात गेले तेवढ्यात तेओफिलोनं गिटार म्हाताऱ्या वैदू अनास्तासिओकडे नेली. दुरुस्त केलेलं वाद्य सान हुआनआधी त्याच्या तंबाखूच्या धुरात धरायचं, ही आमच्या वादकांची रीत. नवं लोखंड परकं असतं म्हणे; वाजवणाऱ्याचं नाव सांगून त्याची ओळख करून द्यायची. नाव सांगितल्याशिवाय म्हातारा चिलीम पेटवत नाही. मी रसायनशास्त्राची पदवीधर. धूर तो धूर. पण नाव कुणाचं दिलं?

तडक गेले. म्हातारा एकटाच होता.

"झेरसनचं नाव दिलं ना?"

तो खोकला येईपर्यंत हसला. "तो मोटोटॅक्सीवाला? एउदोसिया, तुझंच नाव दिलंय. वर नवरा तुझा म्हणाला, तिच्या डाव्या हातासाठी वेगळा धूर घाला. बघू हात."

मी हात मागे घेतला. "माझ्या हाताला काही झालेलं नाही!"

"बरं," म्हणाला. बस, एवढंच.

१९ जून

एदिलबेर्तोकडून सगळं जुनं परत बसवून घेतलं. खुंट्या, ब्रिज, जाड तारा, उंची होती तेवढीच. "बाई, राहू द्या ना," असं तो दोनदा म्हणाला. मी म्हटलं, "तुझं काम कर."

उद्या घरी कुणी नसताना वाजवीन. मग बघते एकेकाला.

२० जून

माझी पहिलीच चाल घेतली. तिसरी तार दाबून वर खेचायची आणि तिथेच थरथरवत ठेवायची. तिसरं बोट दाबलं. तार पडद्याला टेकली नाही. नुसती खरखर. पुन्हा. पुन्हा. शेवटी उजव्या हातानं ते बोट दाबून धरलं, तेव्हा टेकली.

मग तार छेडायला हात उरला नाही.

२१ जून

नवं सगळं परत बसवायला सांगितलं. तारा अजून थोड्या खाली घे म्हटलं. झेरसनला निरोप पाठवला — सान हुआनला स्वतःची गिटार घेऊन माझ्या शेजारी उभा राहा. तार खेचायच्या जागा तुझ्या. वेळेवर ये.