मामाजींच्या पायाला वाफसा

१२ जानेवारी
आज बुलढाण्याचा दवाखाना. मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, तळपायाची जखम पेढ्याएवढी झालीय, साखरेमुळे भरत नाही. डॉक्टर सरळच म्हणाले, वर सरकली तर पाय कापावा लागेल. मामाजींचं तोंड एवढंसं झालं.
सकाळी बांधलेला गॉज दुपारी चिंब. भोवतीची कातडी पांढरी पडलीय. सिस्टरनं फोमची जाड पट्टी लावली, पाणी शोषून धरणारी. चार दिवस उघडायची नाही.

१४ जाने.
पट्टी वरून ठणठणीत कोरडी! यांना शाळेत फोन करून सांगितलं, पाणी थांबलं.

१५ जाने.
थांबलंय कुठलं! दुपारी अंगणात बघते तर मामाजी जखमेवर हळद दाबून, पाय उन्हात धरून बसलेले. पट्टी दोरीवर वाळत.
"मामाजी, हे काय करून राह्यले?"
"वाळू दे न बाई. ओली जखम सडते."
कालही हेच केलं होतं म्हणे. खूप बोलले मी. मग मलाच वाईट वाटलं.

१६ जाने.
सिस्टरनं हळद धुऊन काढली. म्हणाली, जखम चिंब नको तशी कोरडीठाकही नको, मधली हवी. मामाजी एकदम म्हणाले, "म्हंजे वाफसा?"
जन्म वांग्या-मेथीच्या वाफ्यांत गेलेला माणूस; ना चिखल ना कोरडी, पेरणीजोगी ओल त्याला बरोबर कळते.
"हाव बाबा, वाफसाच," सिस्टर म्हणाली.
"मंग आधी काऊन नाही सांगतलं?"
नवी पट्टी. आता दर तीन-चार दिवसांनी इथंच येऊन बदलायची.

२५ जाने.
एकदाही हात लावला नाही. मांजरालासुद्धा जवळ येऊ देत नाहीत. आमच्या गावात, देऊळघाटात, जो भेटेल त्याला वाफसा समजावतात. डोकं उठलंय माझं.

३ फेब्रु.
पट्टी चिकटली. काढताना मामाजी ओरडले. मला वाटलं, आपलंच काही चुकलं...
सिस्टर हसायलाच लागली. पाणी कमी झालं म्हणून चिकटली, आता इतकी शोषणारी नको. सलाइननं भिजवून अलगद सोडवली. खाली लालबुंद मांस. आता न चिकटणारी जाळी, वर साधा गॉज. किती दिवसांनी आज मी पोटभर जेवले.

१७ फेब्रु.
चिंचोक्याएवढी उरली. डॉक्टर म्हणाले, कापायचं डोक्यातून काढा. पण भरेपर्यंत पाय टेकवायचा नाही, पंधरा दिवसांनी बघू. मला तिथंच रडू आलं.
"पाय माहा, अन् तू काऊन रडून राह्यली?" म्हणत स्वतःच टोपीनं डोळे पुसले.
रिक्षात त्यांनी विचारलं, वावरात कधी जाता येईल? म्हटलं, माहीत नाही.
"घाई नाही. जाईन तवा दोन पायानं जाईन."