उल्याचा हात पुरला नाही

सावा,

तुझी बोट समुद्रात बेपत्ता झाल्याला आज सात महिने झाले. उल्याला कारंजी दाखवायची, म्हणून तुझ्या आई हट्टाने आम्हाला पीटरहोफचा राजवाडा आणि बाग बघायला घेऊन आल्या.

आधी चर्चमध्ये गेलो. घुमटातलं सोनं बघता बघता उल्याची मान दुखायला लागली. आईंनी तिच्या हातात मेणबत्ती दिली. "जा, बाबासाठी लाव."

जिवंत माणसांसाठीचा पितळी स्टँड उंच. तिचा हात पुरेना. तिने मेणबत्ती शेजारच्या बुटक्या चौरंगावर लावली, जिथे मेलेल्यांसाठी लावतात.

आईंनी झडप घालून ती उचलली, तशी ती विझली. मला म्हणाल्या, "पोरीला एवढंही शिकवलं नाहीस? का तुलाच घाई झालीये?"

"माझा हातच पुरत नव्हता, आजी," उल्या रडवेली झाली.

बागेत आई माझ्याशी बोलल्या नाहीत. पाय पडला की पाणी उडवणाऱ्या त्या फसव्या दगडांवर उल्या नाचली आणि चिंब होऊन आली. "कुठला दगड फसवतो ते बाबाला माहितीये."

"आहेच मुळी," आई म्हणाल्या. मी उल्याचे ओले केस पुसले.

सावा, पोरीची चूक नव्हती. मी दोन पावलांवर उभी होते. ती त्या चौरंगाकडे वळली ते मी पाहिलं. तिला उचलून वर धरायला वेळ होता. मी हात पुढे केला नाही.

अजून तुझी बायको,
ताइस्या