न उतरणाऱ्या रंगाची राखण

६ मार्च २०००, सोमवार
कॅन्टीनमध्ये शास्त्रज्ञांना चहाचा पूर्ण कप, सुरक्षा विभागाला अर्धा. प्रश्न चहाचा नाही. ज्या देशात रहस्य शोधणाऱ्याला पूर्ण कप आणि रहस्य राखणाऱ्याला अर्धा, त्या देशाचं पुढे काय होणार हे कॅन्टीनवाल्याला दिसत नाही, मला दिसतं. निषेध म्हणून आजपासून चहा बंद.
संध्याकाळी: डोकं दुखलं. अर्धा अर्धा दोनदा घेतला. मागून घेतला नाही, त्यामुळे तत्त्व शाबूत.

७ मार्च
ही रोजनिशी फक्त स्वतःसाठी, म्हणून स्वतःलाच एकदा स्पष्ट सांगतो. महाड तालुक्यात बिरवाडीजवळच्या या प्रयोगशाळेत मी जानेवारीपासून सुरक्षा अधिकारी. त्याआधी कित्येक वर्षं टाइमकीपर. पद सध्या तात्पुरतं. महिनाअखेर डायरेक्टरसाहेब ठरवणार: कायम, की परत टाइम ऑफिस. कायम झालो तर जीप. सौ.ला जीपबद्दल सांगून ठेवलं आहे, त्यामुळे कायम होणं आवश्यक.

८ मार्च
पेपरात पुन्हा तेच. अमेरिकेतल्या अणुप्रयोगशाळेतून गुपितं परदेशात गेल्याचा संशय. त्यांच्या कुंपणात वीज, तरी ही गत. आमच्या कुंपणावर वॉचमन कुशाबाचा दुधी.
आमचं गुपित अणूपेक्षा कमी नाही. न उतरणारा लाल रंग. कापड फाटेल, रंग जाणार नाही. केमिस्ट गौतमी मॅडम म्हणतात, कातडीला अपाय नाही, फक्त जात नाही. आतल्या खोलीत एकच बरणी. आत जायची परवानगी डायरेक्टरसाहेबांना आणि मॅडमना. किल्ली माझ्याकडे, म्हणजे नैतिकदृष्ट्या मलाही.

११ मार्च
बिरवाडीत दाढी करताना न्हाव्याला बजावलं, लाल रंगाबद्दल कुठेही बोलायचं नाही. त्याला लाल रंगाबद्दल काही माहीतच नव्हतं. आता माहीत आहे आणि तो बोलणार नाही. एक छिद्र बुजलं.

१४ मार्च
फॅक्स. जर्मनीहून डॉ. क्लाइनर वीस तारखेला येणार. रंगाचा करार करायचा आहे. डायरेक्टरसाहेबांचा हुकूम: सही होईपर्यंत पाहुण्यांना लायब्ररी आणि पुढची लॅब फक्त. आतली खोली अजिबात नाही.
करार वगैरे बाहेरच्यांना सांगायला ठीक. मी ओळखलं. पाहुणा हाच हेर.
वीस तारखेला धुळवड. डायरेक्टरसाहेब मद्रासकडचे, त्यांना कल्पना नसावी. मी बोललो नाही. अधिकाऱ्याने वरिष्ठांकडे अडचणी नेऊ नयेत. सगळ्यांच्या रजा रद्द केल्या.

१६ मार्च
कुशाबा रजेसाठी उभाच. त्याची वाडी उमरठच्या वर, डोंगरात. म्हणाला, साहेब, औंदा पालखीचा पहिला खांदा आमच्या घरचा हाय. बापूस गेला, आता मीच. धाकटा महिपत मुंबईवरनं येतो, पन तो सोंगाडी, सोंग घेतल्यालं मानूस खांदा देत नाय. मी नसलो तर पालखी उठायची नाय.
म्हटलं, राष्ट्राचा प्रश्न आहे. देवाला सांग, एक दिवस दम धर.
म्हणाला, देव दम धरायचा नाय. मी नाय गेलो तर तोच येल.
म्हटलं, येऊ दे, गेटपास बनवू.
कुशाबा हसला नाही. डोंगरातल्या माणसांना विनोद उशिरा कळतो.

१९ मार्च, होळी
आरशासमोर स्वागताचं इंग्रजी भाषण पाठ. सौ. म्हणाली, अहो, तो पाहुणा आहे की चोर हे आधी ठरवा, म्हणजे हार द्यायचा की हातकडी ते कळेल. म्हटलं, दोन्ही. ती पोळ्या लाटायला गेली.
निश्चय: उद्या कमी बोलायचं, जास्त बघायचं.

२० मार्च, सोमवार, सकाळ
युनिफॉर्म कडक. डायरेक्टरसाहेब महाडच्या विश्रामगृहावर पाहुण्यांची वाट बघत आहेत.

अकराच्या सुमारास
ढोल. वाडीतल्या माणसांनी पालखी टेम्पोत घालून वळणापर्यंत आणली, तिथून खांद्यावर. कुशाबाने मला सलाम ठोकला, बूट काढले, फाटक सताड उघडलं आणि पालखीखाली खांदा दिला. म्हणजे तो ड्यूटीवरही आहे आणि रजेवरही. नियमात यासाठी कलम नाही.
पाठोपाठ सोंगं. लुगडी नेसलेले बाप्ये, अस्वल, डॉक्टर, पोलीस. पोलिसाने मला सलाम केला, मीही केला.
त्यांतच एक आगाऊ सोंग. उंच, तोंड अर्धं जांभळं अर्धं हिरवं, गांधीटोपी, कोटाला शेणाचा हात. म्हणे, रस्ता बंद होता, गाडी सोडून चालत आलो, आय अ‍ॅम डॉक्टर. उच्चारांवर मेहनत घेतलेली दिसली. बजावलं, डॉक्टरचं सोंग आधीच येऊन गेलं. वॉचमनच्या केबिनमध्ये बसवून बाहेरून कडी घातली.
आणि मग माझ्या तल्लख नजरेने हेर टिपला. पांढराफटक चेहरा, हॅट, गॉगल, तोंडात पाइप, गळ्यात कॅमेरा. बिचारा गर्दीत अडकला होता. हार घातला. भाषण केलं. तो म्हणाला, येस येस.

दुपारी
लायब्ररी दाखवली. येस येस. पुढची लॅब. जांभई. मोठी माणसं कमी बोलतात, पण जांभई माझ्या मनाला लागली. म्हणजे या माणसाला वाटतं, महाडमध्ये बघण्यासारखं काही नाही. नियम नियमाच्या जागी, पण देशाची अब्रू त्याच्या वर. आतली खोली उघडली. बरणी उघडली. अर्धा तास इंग्रजीत सगळं समजावलं, मॅडमकडून कधी जे ऐकलं होतं ते आणि जे ऐकलं नव्हतं तेही.
पाहुण्याने बरणीत अंगठा बुडवून माझ्या कपाळावर उभा टिळा ओढला. परक्या माणसाला आपल्या सणाची इतकी जाण. मला भरून आलं. मग त्याने माझा फोटो काढला. कॅमेरा अगदी नव्या पद्धतीचा असावा, भिंगाच्या जागी डबीचं झाकण.

नंतर
डायरेक्टरसाहेब आले. विचारलं, पाहुणे कुठे. म्हटलं, आतल्या खोलीत, अत्यंत खूश आहेत. तेवढ्यात केबिनच्या खिडकीतून जांभळ्या सोंगाने त्यांना हाक मारली, नावाने. कुशाबाने त्याला खिडकीतून पुरणपोळी दिली होती, ती त्याच्या हातात होती.
आतून बाहेर आलेल्या माझ्या पाहुण्याने हॅट काढली. म्हणाला, साहेब, मी महिपत, कुशाबाचा भाव. तुमी सारखं इंग्रजीत बोलत व्हता, मधी सांगाया जागाच घावली नाय.

२१ मार्च
साबण, लिंबू, रॉकेल. टिळा आहे तसा. सौ. म्हणाली, हळदीकुंकवाला मी तुम्हालाच पुढे करते. गौतमी मॅडम भिंग घेऊन आल्या. माणसाच्या कपाळावरचा हा पहिलाच प्रयोग, घासू नका म्हणाल्या.
डॉ. क्लाइनर न रागावता गेले. सही केली नाही, विचार करतो म्हणाले. निघताना माझ्या कपाळाचा जवळून फोटो काढला. खऱ्या कॅमेऱ्याने.

२२ मार्च
डायरेक्टरसाहेबांनी बोलावलं. महिनाअखेरची वाट बघितली नाही. कुशाबाची रजा कोणी रद्द केली, एवढंच विचारलं. परिस्थितीने, असं उत्तर दिलं. त्यांनी कुशाबाला चार दिवस भरपगारी रजा दिली आणि किल्ली परत मागितली. जिपेचा विषय निघाला नाही. मी काढला नाही.

२४ मार्च
टाइम ऑफिस. खुर्ची जुनीच. पाठीला ओळखीची आहे.
संध्याकाळी बिरवाडीच्या स्टॉपवर महिपत. मुंबईच्या गाडीची वाट बघत होता. अंगठा लालभडक. माझ्या कपाळाकडे बघून त्याने मान खाली घातली, म्हणजे हसत होता. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, साहेब, रागवू नका, पन सोंगाचा पोस्त ऱ्हायला. ज्याच्या दारात नाचलो त्यानं काय तरी टाकलं नाय तर सोंग वाया जातं, आनि ताट देवाचं असतं.
माझ्या दारात तो नाचला होता हे नाकारण्यासारखं नव्हतं. आजूबाजूला ओळखीचं कोणी नाही असं बघून दहाची नोट दिली.
त्याने ती कपाळाला लावली. म्हणाला, वाडीवर निरोप धाडतो, तिथं पोस्त देनाऱ्याचं नाव पुकारतात. काय सांगू, सुरक्षा अधिकारी?
म्हटलं, टाइमकीपर सांग.