बंद लिफ्टची नोंद

१२ ऑक्टोबर, रविवार
दुपारी नेनेबाई आल्या. ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या सेक्रेटरी. चप्पल काढायच्या आधीच फोन पुढे. "साळवेबाई, हे तुमच्या मिस्टरांच्या गोदीतलेच ना?"
पाटकर. अंबरनाथच्या कुठल्याशा हॉलमध्ये माईक धरून उभा. विषय : 'युद्धनौकेवरचे सिनेमे'. सगळं आमच्या वहीतलं. विलासची वाक्यंसुद्धा तीच. "समुद्रात लढाई दिसते ना, बोट जागची हलली नव्हती, कॅमेरावाला हलत होता." हे वि. जेवताना बोलला होता. मी डाव्या हाताने ताट सरकवून लिहून घेतलं होतं.
वि.चं नाव एकदाही नाही.
शेवटी तो शिडीचा प्रसंग. नायकाला उंचीची भीती, म्हणून पाठमोरा दुसराच माणूस उतरवला. हे खरं. तो माणूस म्हणजे खरवईचे जाधव, वि.चे जोडीदार. पाटकर म्हणतो, "तो पाठमोरा माणूस आज तुमच्यासमोर उभा आहे." टाळ्या.
ह्याला सोडणार नाही.

१४ ऑक्टोबर
रागात तपशील चुकतात. नीट लिहून ठेवते.
वि. गोदीत इलेक्ट्रिशियन. विमानं वाहणारी ती जुनी युद्धनौका निवृत्त करून लोकांना दाखवायला धक्क्याला बांधली, तेव्हा ह्याला तिच्यावर नेमलं. शूटिंगवाले आले की कनेक्शन हाच देणार. नऊ वर्षं. कुठला प्रसंग कुठल्या खोलीत घेतला ते घरी येऊन सांगायचा, मी लिहायचे. त्याचं अक्षर त्यालाही लागत नसे.
पा. स्टोअर्समध्ये. कपाटांचा माणूस. बोटीवर दोनदा आला, तेही डबा खायला.
बोट कधीच भंगारात गेली. वि.ला जाऊन दोन वर्षं होतील. शोकसभेनंतर पा. "वाचून देतो वहिनी" म्हणून वही घेऊन गेला. दोन दिवसांचे पाच आठवडे झाले. परत आली तेव्हा पानांच्या कडा मुडपलेल्या, झेरॉक्सच्या काचेवर दाबून दाबून. तेव्हाच कळायला हवं होतं.

१५ ऑक्टोबर
पा.ला फोन.
"वहिनी! तब्येत काय म्हणते?"
"भाषण पाहिलं तुमचं."
"आवडलं?"
"विलासचं नाव राहिलं."
"लोकांच्या लक्षात नावं राहत नाहीत हो. किस्से राहतात."
"तुमचं तर राहिलं."
हसला. लाज नाही. वर विचारतो, "अजून एखादी वही असेल ना? नौदल दिनाला बदलापुरात मोठा कार्यक्रम आहे, तुमच्याच मंडळाचा."
बघते म्हटलं.

१९ ऑक्टोबर
शेजारी चकल्यांचा घाणा, मी वह्या घेऊन बसले. दुसरी वही आहे. पा.ने न पाहिलेली. शेवटची सहा पानं कोरी.
वाचता वाचता हसू आलं, म्हणून अजून राग आला.
खलनायकाचा अड्डा, तो बॉयलर रूममध्ये. धूर खोटा, खोकला खरा.
पाणबुडीचा आतला भाग म्हणून दाखवला तो खालच्या डेकवरचा बोळ. तिसऱ्या दारावर वि.ने चिकटवलेला पिवळा टेप पडद्यावर दिसतो.
डेकवरचं हेलिकॉप्टर प्लायवूडचं, उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात बनवलेलं. मालकाची गॅरंटी : "साईं, उडेगा नहीं, बाकी सब करेगा."
नायक मरतो तो दवाखान्याचा प्रसंग. नटी रडतेय आणि पलंगाखाली वि. वायर धरून आडवा. "मी पण मरतच होतो, उकाड्याने."

२६ ऑक्टोबर
सापडलं.
बोटीवर विमानांची लिफ्ट होती, पोटातल्या हँगरमधून विमान वर डेकवर आणणारी. बोट निवृत्त झाली तेव्हाच लिफ्टच्या मोटारी काढल्या, प्लॅटफॉर्म डेकच्या पातळीला आणून वेल्ड केला. नंतर ती एक इंच हलली नाही. बोटीवर राबलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक. डबा खायला आलेल्याला नसणार.
सकाळी दुसऱ्या वहीच्या कोऱ्या पानावर लिहिलं : "गाण्याचं शूटिंग. नटी आणि बारा नाचणाऱ्या मुली लिफ्टमधून वर डेकवर येतात. लिफ्टला करंट मी दिला. तीन टेक." वि. सांगायचा तसंच. अक्षर माझंच, त्यामुळे नक्कल करायचाही प्रश्न नाही.
तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये तीस वर्षं काढली. खोटी नोंद एक नाही. ही पहिली.

२ नोव्हेंबर
पा. मांजर्लीला घरी आला. पेढे घेऊन. उघडले नाहीत.
वही चाळली. लिफ्टच्या पानावर थांबला. चष्मा वर, चष्मा खाली.
"हे भारी आहे वहिनी. हे आधी का नाही दिलंत?"
"तुम्ही विचारलं नाहीत."
वही नेऊ दिली नाही. मोबाईलवर फोटो काढू दिले. चहा पूर्ण पिऊन गेला.

९ नोव्हेंबर
खरवईला जाधवांकडे. नवीन टॉवर, लिफ्ट बोलते. भाषण दाखवलं. जाधव उठूनच उभे.
"आयला! माझी पाठ चोरली त्याने?"
जाधववहिनी आतून, "घेऊन जा म्हणावं. खाजवून खाजवून माझे हात मोडले."
बेत सांगितला. पा. स्टेजवर लिफ्टचं गाणं स्वतःचं म्हणून सांगेल. जाधवांनी उठून एवढंच विचारायचं : करंट कुठून दिला? मोटारी होत्या कुठे? दोनशे माणसांसमोर कळेल, हा बोटीवर कधी नव्हताच.
"वहिनी, तुम्ही टेन्शन घेऊ नका. असा वाजवतो ना त्याला!"
फार दिवसांनी पोटभर जेवले.

२३ नोव्हेंबर
निमंत्रणपत्रिका आली. 'सुप्रसिद्ध सिने-अभ्यासक श्री. पाटकर.' अभ्यासक! पत्रिका भिंतीवर लावली. रोज सकाळी बघते, बरं वाटतं.

४ डिसेंबर, नौदल दिन
लिहिते. क्रमाने.
हॉल भरलेला. मी दुसऱ्या रांगेत, जाधव बाजूला, इस्त्रीचा शर्ट.
पा.ने माईक घेतला आणि पडद्यावर विलास. भिंतीएवढा. खिशात टेस्टर. गोदीतला कुठला तरी जुना फोटो, माझ्याकडेही नाही. पा. म्हणाला, "आज जे सांगणार ते माझं नाही. हे सगळं माझे मित्र विलास साळवे यांचं."
दोन महिने ज्या वाक्यासाठी जळले ते वाक्य. आणि आज.
मग शिडीचा प्रसंग लावला. "माझ्याकडून मागे चूक झाली. ही पाठ आपल्या जाधवसाहेबांची. या, वर या." जाधव स्टेजवर. हार. शाल. टाळ्या थांबेनात. आणि ते तिथेच उभे असताना पा.ने लिफ्टचं गाणं वाचलं. बारा मुली. तीन टेक. "करंट दिला होता विलासने. जाधवसाहेब, तुम्ही होता ना तेव्हा?"
जाधवांनी माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे.
"होतो," म्हणाले.
बाहेर माझ्या मागे धावत आले, हार गळ्यातच. "काय बोलणार होतो वहिनी? समोर विलासचा फोटो. लिफ्ट बंद होती बोललो असतो तर खोटा कोण पडला असता? पाटकर? आपला विलास पडला असता."
बरोबर बोलत होते.
इलेक्ट्रिशियनच्या तोंडी मी बंद लिफ्ट चालवली.

५ डिसेंबर
पा.चा फोन. आवाज मधाळ.
"वहिनी, त्या लिफ्टच्या मोटारी माझ्याच सहीने राईट-ऑफ होऊन भंगारात गेल्यात. तुमच्याकडे चहा पिताना वाचलं, तेव्हाच ओळखलं."
"मग वाचलंत कशाला लोकांसमोर?"
"तुम्ही दिलंत म्हणून. आता मंडळ पुस्तिका काढतंय. माझं नाव वर, विलासचं आत. खोटं निघालंच तर विलासचं निघेल. बघा, तुम्हाला चालत असेल तर..."
फोन मी कापला. तो वाट बघत होता मी ओरडेन म्हणून.
मी त्याला मूर्ख समजले. चूक ती. बोट माहीत नसेल, पण बोटीतून काय काय निघालं ते सगळं त्याच्याच कपाटातून गेलं होतं.

६ डिसेंबर
दादरला गेले नाही. गुडघा. इथल्या विहारात मेणबत्ती लावली, सगळ्यांबरोबर पंचशील म्हटलं. चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, ओठ हलले, आवाज निघाला नाही.
शेजारच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांचा फोटो किती छान होता हो परवा."

१३ डिसेंबर
नेनेबाई पुस्तिकेचं प्रूफ देऊन गेल्या. "तुमच्याइतकं बारकाईनं कोण तपासणार?"
'युद्धनौकेवरचे सिनेमे. संकलन : पाटकर. आधार : कै. विलास साळवे यांच्या वह्या.'
'कै.' खोडलं. 'कालकथित' लिहिलं. कैलास आम्ही बावीस प्रतिज्ञांबरोबरच सोडला, गोदीत एवढी वर्षं विलासबरोबर काढली त्या पा.ला हे माहीत नसावं?
बाकी चुका : एकोणीस. सगळ्या दुरुस्त. चौदावं पान तसंच. लिफ्ट.
शुद्धिपत्र लिहून पाहिलं : "पान १४ वरील नोंद मी, विलास साळवे यांच्या पत्नीने, स्वतः रचून लिहिली. बाकी सर्व नोंदी खऱ्या."
वाचलं आणि स्वतःच थबकले. नोकरीत असताना एका पानावर खाडाखोड सापडली की मी अख्खं रजिस्टर बाजूला काढायचे. एक खोटं, तर बाकी खरं कशावरून? हे मीच विचारायचे. लोकांना उभं करून.
हेलिकॉप्टर, पिवळा टेप, पलंगाखालची वायर. सगळ्यावर संशय येईल. आणि जाधवांनी दोनशे माणसांसमोर 'होतो' म्हटलंय.
छापून आलं तर गोदीतले जुने लोक वाचतील. साळवे फेकायचा, म्हणतील.
दोन्हीकडून विलासच.

१५ डिसेंबर
सकाळी भाजी चिरताना सुचलं. विळी तशीच सोडून उठले.
राईट-ऑफ म्हणजे सही. सही म्हणजे कागद. त्या कागदावर पाटकर, मोटारी आणि तारीख एका ओळीत असणार. पा.ला सगळं ठाऊक होतं आणि तरी त्याने मेलेल्या मित्राच्या नावावर ते वाचलं, हे मी बोलून कोणी मानणार नाही. कागद बोलला तर मानतील.
माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. स्वच्छ, मुद्देसूद. संरक्षण खातं आहे, नाकारतील. नाकारलं तर अपील. कागद नष्ट केलाय म्हणतील. नष्ट केलेल्या कागदांचीही यादी असते. मी अशा याद्या केल्या आहेत.
रजिस्टर पोस्टाने पाठवला. मुदत तीस दिवस.
कागद आला तर त्याच्याबरोबर मलाही उभं राहून सांगावं लागेल, नोंद माझी. सांगेन. मी एकटी नाही बुडणार.
जाधवांना अजून कळवलेलं नाही. काल त्यांचा फोन आला होता, शाल कपाटात ठेवू की वापरू, विचारत होते.

१९ डिसेंबर
नेनेबाईंना सांगितलं, प्रुफाला वेळ लागेल, अक्षर बारीक आहे. त्यांनी पा.ला सांगितलं असणार. तासाभरात फोन.
"वहिनी, प्रेसवाले थांबलेत. कुठवर आलं?"
"चौदाव्या पानावर."
"त्यात काय वाचायचं? ते तर तुमचंच."
"म्हणूनच वेळ लागतोय."
मग, "कधी देता?"
"जानेवारीत बघू."
"जानेवारीत का?"
त्याला पहिल्यांदाच काहीतरी माहीत नव्हतं. मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि ठेवला.
पोस्टाची पावती ह्या पानाला टाचली आहे.