माझी कुत्री आणि वरच्या वस्तीचे औषध

मी, ओकालिना, कै. वासिली यांची पत्नी, वय पन्नाशीच्या आसपास, गुडघ्यांचे वय वेगळे, राहणार कुस्कोक्विम नदीकाठ, अलास्का, लिहून ठेवते की माझी छाती पोखरली आहे, डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणणारा अजून जन्मायचा आहे.

घर पुतण्या गुस्ती याला. गळके छप्पर दुरुस्त करून देतो असे तो मला दर उन्हाळ्यात सांगे. आता स्वतःसाठी करील.

चहाचे पाणी उकळायचा समोवर नणंद नास्तासिया हिला. माझा चहा म्हणजे कोमट पाणी, असे ती गावभर सांगते. यापुढे स्वतः करून प्यावा.

कुत्री, ती ओढतात ती बर्फगाडी आणि जुंपायचे पट्टेही गुस्तीलाच. कुत्री वाटू नयेत, मारू नयेत. हे त्याला रुचणार नाही. परवाच म्हणाला, "काकू, आता विमान येतं. कुत्री नुसती बसून मासे खातात."

"विमान ढग बघितला की घरी बसतं, बाबा."

"मग ढग जाईपर्यंत थांबायचं."

"आणि ताप थांबतो का?"

नदीच्या वरच्या अंगाच्या वस्तीत घटसर्प आला, त्या हिवाळ्यात असेच ढग बसले होते. तिकडे न्यायचे औषध गोठू नये म्हणून कुप्या मी फरच्या अंगरख्याआत पोटाशी बांधल्या. वर पांढरे, खाली पांढरे. नदी कुठे संपते नि आभाळ कुठे लागते, कळेना. कुत्र्यांचे श्वास ढग होऊन पुढे चालले होते, आम्ही त्यांच्यामागून. शेजारून वासिली चालतोय असे वाटे. तो जाऊन तेव्हा बराच काळ लोटला होता. तो हळू काही बोले, मी हो म्हणे. एकाएकी म्होरकी कुत्री काजळी गोठलेली नदी सोडून काठावर चढली. मी ओरडले, तिने कानही हलवला नाही. मग पुढच्या वळणावर बर्फ खचल्याचा आवाज आला, मऊ, कुणी उशी टाकावी तसा.

वरच्या वस्तीतली पोरे वाचली. नास्तासिया म्हणाली, "औषध काजळीनं आणलं, तू नुसतं ओझं." बाईचे एवढे एकच बोलणे मला मान्य आहे.

शेवटचे कलम. आपल्या रीतीप्रमाणे माझे नाव माझ्यामागून जन्मणाऱ्या बाळाला द्यावे. वरच्या वस्तीतल्या मारिनाचे दिवस भरत आले आहेत. तिच्याशी बोलणे झाले आहे. मुलगा होवो वा मुलगी, नाव ठेवले की ते बाळ म्हणजे मीच. गुस्तीने त्याला काकू म्हणावे, हंगामाचा पहिला मासा त्याच्या घरी पोचवावा. आणि ढग खाली बसलेले असताना वरच्या वस्तीतून निरोप आला की काकूला ताप आहे, तर गाडी जुंपायची की विमानाची वाट बघायची, हे त्याचे त्याने ठरवावे. मी तेव्हा त्याला काही सांगू शकणार नाही. अजून बोलता येत नसेल मला.

सही: ओकालिना
साक्षीदार: याकोव, दुकानदार; मोक्सी, नावाडी
स्थळ: माझ्या चुलीपाशी
दिनांक: नदी गोठण्याआधी, ऑक्टोबर १९४९